विश्लेषण : '१९८४' वर्गात शिकवताना जॉर्ज ऑर्वेल यांचे आयुष्य का सांगावे लागते?

'बिग ब्रदर' कोण, हे आता इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला समजावून द्यावे लागत नाही. दूरचित्रवाणीवरच्या 'बिग बॉस'चे मूळ नाव तिथूनच आले, हे बहुतेकांना ठाऊक असते. एम.ए.च्या वर्गात जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' ही कादंबरी उघडली, की पहिल्या दहा मिनिटांत सीसीटीव्ही, मोबाइल आणि समाजमाध्यमे यांची नावे येतात. लेखकाने सगळे आधीच ओळखले होते असा निष्कर्ष निघतो आणि चर्चा तिथेच संपते. शिकवणाऱ्याची खरी अडचण इथून पुढे सुरू होते. ऑर्वेल यांना भविष्य कळत होते असे मानले, की कादंबरीत वाचण्यासारखे फारसे काही उरत नाही. प्रत्यक्षात तिच्यातील बहुतेक गोष्टी त्यांनी पाहिल्या होत्या, सोसल्या होत्या आणि काही तर पगार घेऊन स्वतः केल्याही होत्या. ४६ वर्षांच्या त्या आयुष्याचा मोठा भाग भारताशी, आणि थोडासा मराठीशीही, जोडलेला आहे.

मोतीहारीत जन्म, मग पोलिसाची वर्दी कशी?

एरिक आर्थर ब्लेअर हे त्यांचे खरे नाव. जन्म २५ जून १९०३, मोतीहारी, म्हणजे आजच्या बिहारमधील पूर्व चंपारण जिल्ह्याचे ठिकाण. वडील रिचर्ड ब्लेअर सरकारी अफू खात्यात अधिकारी होते. शेतकऱ्यांकडून अफूचे पीक घेऊन ती मुख्यतः चीनकडे पाठवणारे हे खाते. याच मोतीहारीत १९१७ मध्ये गांधीजी निळीच्या शेतकऱ्यांसाठी आले, तेव्हा एरिक इंग्लंडमध्ये शाळेत होता. आई आयडा यांचे बालपण बर्मात गेले होते. १९०४ मध्ये त्या मुलांना घेऊन इंग्लंडला परतल्या.

घर साम्राज्याच्या नोकरीवर चालणारे, पण ऐपत बेताची. ईस्टबर्नच्या सेंट सिप्रियन्स या निवासी शाळेत एरिकला कमी फीमध्ये घेतले होते आणि त्याची जाणीव त्याला वारंवार करून दिली जात होती, असे त्यांनी पुढे लिहिले. त्या शाळेवरचा त्यांचा निबंध बदनामीच्या दाव्याच्या भीतीने त्यांच्या हयातीत छापलाच गेला नाही. लहान मूल, सर्वज्ञ भासणारी सत्ता, कुठला नियम मोडला हे न कळताच मिळणारी शिक्षा असे सगळे त्या निबंधात आहे. '१९८४'चे बीज या शाळेत असल्याचे काही समीक्षक मानतात. हे जरा ताणलेले वाटते; छळछावणी समजण्यासाठी निवासी शाळेची उपमा पुरत नाही. पण शिक्षा झालेल्याने स्वतःलाच दोषी मानावे, ही कल्पना त्यांना तिथे भेटली, एवढे मान्य करायला हरकत नाही.

पुढे शिष्यवृत्तीवर ईटन. तिथे काही काळ फ्रेंच शिकवायला एक तरुण शिक्षक होता, अल्डस हक्सले. दृष्टी अधू, वर्गावर ताबा नाही, मुले टवाळी करायची. विसाव्या शतकातील दोन सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या डिस्टोपियन कादंबऱ्यांचे लेखक, म्हणजे 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'चे आणि '१९८४'चे, असे एका वर्गात गुरू-शिष्य म्हणून होते. कादंबरी आल्यावर १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये हक्सले यांनी जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहिले. स्तुती केली आणि मतभेदही नोंदवला. सत्ताधीशांना मारझोडीपेक्षा माणसाला गुलामी गोड वाटायला लावण्याचा मार्ग अधिक सोयीचा वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही कादंबऱ्या एकत्र अभ्यासाला असतील, तर वर्गातला वाद या पत्रापासून सुरू करता येतो.

ईटननंतर विद्यापीठात न जाता एरिक १९२२ मध्ये इंडियन इम्पिरियल पोलीसमध्ये भरती होऊन बर्मात गेला. तेव्हा बर्मा ब्रिटिश हिंदुस्थानचाच प्रांत होता. मंडालेत प्रशिक्षण, मग इन्सीन, मोलमेन, काथा अशा ठिकाणी नेमणुका. विशीतल्या या तरुणाच्या हाताखाली मोठा बंदोबस्त असे. खबरे, झडत्या, तुरुंग, फटके या यंत्रणेत तो आतल्या बाजूने वावरला. १९२७ मध्ये रजेवर घरी आल्यावर त्याने राजीनामा दिला. फाशीवरचा आणि हत्तीला गोळी घालण्यावरचा असे दोन प्रसिद्ध निबंध आणि 'बर्मीज डेज' ही कादंबरी या पाच वर्षांतून निघाली. '१९८४'मधला छळ करणारा ओब्रायन हुशार, सुसंस्कृत, जवळजवळ प्रेमळ का आहे, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर देण्याआधी हा पोलिसी अनुभव सांगितलेला बरा.

ऑर्वेल स्वतः शिक्षक होते?

होते, पण थोडाच काळ. राजीनाम्यानंतर त्यांनी पॅरिसमध्ये हॉटेलात भांडी घासली, लंडनमध्ये बेघरांबरोबर रात्री काढल्या. १९३२ मध्ये लंडनजवळच्या हेज येथील 'द हॉथॉर्न्स' या अगदी लहान शाळेत त्यांना नोकरी मिळाली. नाताळात मुलांसाठी त्यांनी राजा दुसरा चार्ल्स याच्यावर एक नाटुकले लिहून बसवले. नंतर अक्सब्रिजच्या शाळेत असताना, १९३३ च्या डिसेंबरमध्ये, न्यूमोनियाने जीवावर बेतले आणि शिकवणे कायमचे सुटले. त्याच वर्षी पहिले पुस्तक आले होते. घरच्यांना संकोच नको म्हणून त्यावर नवे नाव होते : जॉर्ज हे साधे इंग्रजी नाव आणि ऑर्वेल ही सफोकमधील नदी.

स्पेनमध्ये नेमके काय घडले?

कादंबरीचा राजकीय गाभा स्पेनमध्ये घडला. जून १९३६ मध्ये त्यांनी आयलीन ओशॉनेसी यांच्याशी लग्न केले आणि डिसेंबरमध्ये फ्रँकोच्या फौजांविरुद्ध लढायला ते बार्सिलोनाला गेले. 'पूम' या छोट्या, स्टालिनविरोधी मार्क्सवादी पक्षाच्या दलात ते दाखल झाले. त्यामागे फार वैचारिक निवड नव्हती, ओळखीची चिठ्ठी त्या बाजूची होती इतकेच. आयलीनही मागोमाग आल्या आणि बार्सिलोनातील कार्यालयात काम करू लागल्या.

मे १९३७ मध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर डाव्यांचेच गट एकमेकांशी लढले. २० मे रोजी वेस्काजवळच्या आघाडीवर ऑर्वेल यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. सहा फुटांहून उंच माणूस, डोके खंदकाच्या वर दिसत होते. थोडक्यात वाचले, आवाज मात्र कायमचा बारीक झाला. इस्पितळातून परतले, तोवर कम्युनिस्टांच्या दबावाखाली सरकारने 'पूम'वर बंदी घातली होती. काल खांद्याला खांदा लावून लढणारे आज फॅसिस्टांचे हस्तक ठरले होते. आयलीन यांच्या हॉटेलच्या खोलीची पोलिसांनी कसून झडती घेतली, पण बाई अंथरुणात आहे म्हणून पलंगाला हात लावला नाही. जून अखेरीस दोघे रेल्वेने फ्रान्समध्ये निसटले. त्यांच्यावर हेरगिरी आणि देशद्रोहाचे आरोप ठेवणारा अहवाल नंतर तयार झाला होता. तो उजेडात आला, तेव्हा दोघेही हयात नव्हते.

गोळीपेक्षा खोल जखम वर्तमानपत्रांनी केली. जिथे लढाई झालीच नव्हती तिथल्या लढाईची वर्णने छापून आली आणि जिथे माणसे मेली तिथे शांतता असल्याचे सांगितले गेले. लंडनमधील सुशिक्षित डावे ते मानत होते, कारण त्यांना ते मानायचे होते. भूतकाळच बदलता येतो, ही '१९८४'मधील सर्वात भीतिदायक कल्पना इथली आहे. नायक विन्स्टन स्मिथ जुन्या अंकांतील बातम्या बदलण्याची नोकरी करतो, त्याच्या मुळाशी बार्सिलोना आहे. या अनुभवावरचे 'होमेज टू कॅटलोनिया' १९३८ मध्ये निघाले. १,५०० प्रतींची पहिली आवृत्ती लेखकाच्या मृत्यूपर्यंत संपली नव्हती.

भारतीय विद्यार्थ्यांशी त्यांचा संबंध कसा आला?

आपल्याकडच्या वर्गात सर्वात कमी सांगितला जाणारा भाग हाच. क्षयाने पोखरलेल्या छातीमुळे दुसऱ्या महायुद्धात लष्कराने त्यांना घेतले नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये ते बीबीसीच्या पूर्व विभागात रुजू झाले. काम होते भारतासाठी कार्यक्रम करण्याचे. बर्लिनमधून सुभाषचंद्र बोस यांची भाषणे प्रक्षेपित होत होती आणि शिकलेल्या भारतीयांना ब्रिटनच्या बाजूने ठेवणे ही या विभागाची गरज होती. ऑर्वेल यांनी सरळ प्रचाराऐवजी विद्यापीठच रेडिओवर आणले. कलकत्ता आणि मुंबई विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांचा आधार घेऊन व्याख्यानमाला आखल्या. टी. एस. एलियट, ई. एम. फॉर्स्टर, विल्यम एम्पसन यांच्यासारख्यांना माइकपुढे बसवले. मुल्कराज आनंद, बलराज आणि दमयंती साहनी त्यांच्या कार्यक्रमांत होते. थोडक्यात, आज ज्यांना ऑर्वेल अभ्यासाला आहेत, त्याच विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी एकेकाळी ऑर्वेल अभ्यासक्रम तयार करत होते.

मराठीचा धागाही इथलाच. युद्धाच्या घडामोडींवर ते दर आठवड्याला इंग्रजीत समालोचने लिहीत. त्यांतील काही भाषांतरासाठीच असत आणि मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ या भाषांत वाचली जात. म्हणजे १९४२-४३ मध्ये ज्या थोड्या मराठी घरांत लंडन केंद्र लागत होते, त्यांनी ऑर्वेल यांचे लेखन त्यांचे नाव न कळताच मराठीत ऐकलेले असणार. या विभागात वेणू चितळे त्यांच्या सहकारी होत्या. मूळच्या कोल्हापूर भागातील शिरोळच्या. स्पष्ट उच्चार आणि शांत आवाजासाठी त्या ओळखल्या जात. १९४२ मधील 'व्हॉइस' या काव्यविषयक कार्यक्रमाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात एलियट आहेत, कवयित्री उना मार्सन आहेत, मुल्कराज आहेत, मागे उभे ऑर्वेल आहेत आणि वेणू चितळेही आहेत. पुढे भारतात परतून त्यांनी 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. ती १९५० मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली.

पण या कामाची दुसरी बाजू कडू होती. प्रत्येक संहिता धोरण आणि सुरक्षा अशा दोन चाळण्यांतून जायची. मंजूर कागदावर शिक्के बसायचे आणि माइकपुढे त्यापलीकडचा शब्द काढायचा नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये 'भारत छोडो'ची हाक दिली गेली, गांधी-नेहरू तुरुंगात गेले. भारताला स्वातंत्र्य मिळावे असे मनापासून मानणारे ऑर्वेल त्या दिवसांत सरकारी चौकटीतल्या बातम्या भारतालाच सांगत होते. विन्स्टन स्मिथ आपल्या खोटेपणाच्या कामात कारागिरीचा आनंदही घेतो. ही विचित्र, अस्वस्थ करणारी बारीक नोंद बाहेरून पाहणाऱ्याला सुचली नसती.

कादंबरीतील किती गोष्टी या दोन वर्षांतल्या आहेत, हे मोजत बसण्यात अभ्यासकांना रस असतो. 'खोली १०१' हे नाव बीबीसीच्या बैठकीच्या खोलीवरून घेतले, असे सांगितले जाते. सत्य मंत्रालयाची इमारत लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसवर बेतली आहे. युद्धकाळात तिथे माहिती मंत्रालय होते. आज तिथे ग्रंथालय आहे आणि इंग्रजी साहित्याचे संशोधक बसतात. ८५० शब्दांत सगळे व्यवहार करू पाहणाऱ्या 'बेसिक इंग्लिश' या प्रयोगात ऑर्वेल यांना आधी रस होता आणि त्यावर त्यांनी भाषणही ठेवले होते. शब्द कमी केले तर विचारही कमी होतील का, हा प्रश्न तिथून सुरू होऊन कादंबरीतील 'न्यूस्पीक'पर्यंत जातो. इंग्रजीचा विद्यार्थी असो वा भाषाशास्त्राचा, चर्चा इथे खरी रंगते.

भारतात आपले कार्यक्रम फारसे कोणी ऐकत नाही, हे बीबीसीनेच पाठवलेल्या अधिकाऱ्याच्या पाहणीतून कळल्यावर त्यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये नोकरी सोडली.

आयलीन कुठे गेल्या?

चरित्रांत त्या फार काळ कोपऱ्यात उभ्या होत्या. ऑक्सफर्डमधून इंग्रजीची पदवी, मग लंडनमध्ये मानसशास्त्राचा अभ्यास. लग्नानंतर तो सुटला. युद्धात त्या माहिती मंत्रालयाच्या सेन्सॉर विभागात काम करत होत्या, म्हणजे नवरा सेन्सॉरखाली आणि बायको सेन्सॉरमध्ये. नंतर त्या अन्न मंत्रालयात गेल्या. 'अ‍ॅनिमल फार्म' लिहिले जात असताना रोजचा मजकूर त्या रात्री ऐकत आणि त्यावर बोलत. विशेष म्हणजे लग्नापूर्वी, १९३४ मध्ये, आपल्या जुन्या शाळेच्या पन्नाशीसाठी त्यांनी एक कविता लिहिली होती आणि तिच्या शीर्षकात १९८४ हे साल होते. कादंबरीचे नाव त्यावरून आले असे सिद्ध करता येत नाही, पण त्याचा उल्लेखही न करणे बरोबर नाही.

'अ‍ॅनिमल फार्म' एकापाठोपाठ एक प्रकाशकांनी नाकारले. रशिया तेव्हा मित्रराष्ट्र होते. जोनाथन केप यांनी माहिती मंत्रालयातील अधिकाऱ्याच्या सल्ल्याने माघार घेतली. तो अधिकारी सोव्हिएत हस्तक होता, हे नंतर कळले. अखेर ऑगस्ट १९४५ मध्ये पुस्तक आले आणि ऑर्वेल जगप्रसिद्ध झाले. आयलीन यांना ते पाहता आले नाही. २९ मार्च १९४५ रोजी शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेल्या अवस्थेतच त्या गेल्या होत्या. दत्तक घेतलेला मुलगा रिचर्ड तेव्हा वर्षाचाही नव्हता.

कादंबरी लिहिली कशी?

स्कॉटलंडच्या जुरा बेटावरील बार्नहिल या एकाकी घरात. वीज नाही, दूरध्वनी नाही, जवळचे दुकानही कित्येक मैलांवर. १९४६ पासून ते तिथे राहू लागले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाच्या 'वुई' या कादंबरीचे परीक्षण केले होते. काचेच्या भिंती, नावाऐवजी क्रमांक आणि प्रेमातून बंड असा तिचा सांगाडा. ऋण स्पष्ट आहे आणि ऑर्वेल यांनी ते लपवलेही नाही.

१९४७ च्या डिसेंबरमध्ये क्षय बळावला आणि ग्लासगोजवळच्या इस्पितळात सात महिने काढावे लागले. स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध अमेरिकेतून मिळवले. त्याची भयंकर प्रतिक्रिया आली, कातडी सोलवटली, तोंडात फोड आले, औषध थांबवावे लागले. उरलेले इतर रुग्णांना दिले गेले. छळानंतर आरशात स्वतःचे झिजलेले शरीर पाहणारा विन्स्टन वाचताना हे आठवते. जुराला परतल्यावर खुणा आणि खाडाखोडीने भरलेले हस्तलिखित टंकलिखित करायला तिथवर यायला कोणी टंकलेखक मिळेना. मग १९४८ च्या अखेरीस अंथरुणात बसून त्यांनी ते स्वतः टाइप केले आणि जानेवारीत आरोग्यधामात दाखल झाले. ८ जून १९४९ रोजी कादंबरी प्रकाशित झाली. ऑक्टोबरमध्ये इस्पितळातच सोनिया ब्राउनेल यांच्याशी विवाह झाला आणि २१ जानेवारी १९५० रोजी फुप्फुसातील रक्तस्रावाने मृत्यू. सटन कोर्टने गावच्या चर्चच्या आवारात त्यांचा दगड आहे. त्यावर एरिक आर्थर ब्लेअर एवढेच नाव आहे, ऑर्वेल कुठे नाही.

वर्गात गाडी कुठे अडते?

दोन ठिकाणी. पहिले ठिकाण राजकारणाचे. शीतयुद्धात ही कादंबरी साम्यवादविरोधी हत्यार झाली. 'अ‍ॅनिमल फार्म'च्या १९५४ मधील चित्रपटामागे सीआयएचा पैसा होता. आपल्याकडेही अनेक मार्गदर्शिका कादंबरीला समाजवादावरची टीका म्हणून निकालात काढतात. ऑर्वेल यांनी मरणापूर्वीच निवेदन काढून हा अर्थ नाकारला होता. ते शेवटपर्यंत स्वतःला समाजवादी म्हणवत. पण इथेच प्रामाणिक शिक्षकाला दुसरी गोष्टही सांगावी लागते. मे १९४९ मध्ये त्यांनी ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या प्रचार विभागाला ३८ जणांची यादी दिली होती. साम्यवाद्यांकडे कल असल्याने सरकारी प्रचारलेखनासाठी भरवशाचे नसलेले, अशी ती नावे. मूळ यादी २००३ मध्ये उघड झाली. कोणाला तुरुंगात टाकण्यासाठी ती नव्हती, हे बचावकर्ते सांगतात आणि ते खरे आहे. तरीही पाळत ठेवणाऱ्या राज्यावर कादंबरी लिहून संपवलेला माणूस सरकारला नावे कळवतो, हे विद्यार्थ्यांपासून लपवण्याचे कारण नाही. वर्गातली खरी चर्चा बहुधा याच तासाला होते, आणि तिला एकच उत्तर नसते.

दुसरे ठिकाण कादंबरीच्या शेवटाचे. विन्स्टन पूर्ण मोडतो, आशा उरत नाही, असे समजून बहुतेक जण पुस्तक मिटतात. त्यानंतर 'न्यूस्पीक'वरचे एक परिशिष्ट आहे. ते साध्या इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलेले आहे, जणू ती भाषा आणि ती सत्ता केव्हाच संपून गेली आहे. लिहिणारा कोण, केव्हा लिहितो आहे, हे कुठे सांगितलेले नाही. कादंबरी निराशावादी आहे का, या परीक्षेतल्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या काही पानांमुळे बदलू शकते. अमेरिकेतील 'बुक ऑफ द मंथ क्लब'ने हे परिशिष्ट आणि गोल्डस्टीनच्या पुस्तकाचा भाग गाळण्याची अट घातली होती. नकार दिला तर किमान ४० हजार पौंड बुडण्याची शक्यता होती. आजारी, लहान मुलाच्या भवितव्याची काळजी असलेल्या ऑर्वेल यांनी नकार दिला. क्लबने शेवटी कादंबरी न कापता घेतली.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे २०११ पासून ऑर्वेल यांची पुस्तके कोणीही छापू शकतो. बाजारात स्वस्त आवृत्त्यांची गर्दी आहे आणि फुकटच्या ई-प्रतीही फिरत असतात. वर्गासाठी प्रत निवडताना शेवटी ते परिशिष्ट आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे.